पॅसिफिक ओलांडताना: दिवसाचं विमान की रात्रीचं?

उंबरठा | सोमवार, रात्री ९:१०

मंडळी, सल्ला हवाय.

ऑक्टोबरात ऑफिसच्या कामाने लॉस एंजेलिसहून टोकियोला जायचंय. गुरुवारी सकाळी नऊला पहिली मीटिंग. अमेरिकेतल्या अमेरिकेत भरपूर उडालोय, पण पॅसिफिक पहिल्यांदाच ओलांडतोय. समोर दोन पर्याय आहेत:

क) सोमवारी दुपारी १२ ला निघून मंगळवारी दुपारी साडेतीनला टोकियो.
ख) सोमवारी दिवसभर काम करून रात्री साडेबाराला निघायचं, बुधवारी पहाटे साडेचारला टोकियो.

साहेब म्हणतात ख घे, सोमवार वाया जात नाही आणि हॉटेलची एक रात्र वाचते. मलाही वरवर पटतंय. रात्र आहे, झोपायचं, उठलं की टोकियो. पण ऑफिसातली एक जण वर्षातून चारदा हा प्रवास करते, ती म्हणाली, "चुकूनही रात्रीचं घेऊ नकोस." का ते विचारायच्या आत बाई मीटिंगला पळाली.

परतीलाही दोन आहेत, संध्याकाळी ५ चं आणि रात्री १२:०५ चं. जागा अर्थातच इकॉनॉमी, पाय पोटाशी घेऊन. अनुभवी लोकांनी बोला.

---

पायलीचे_पंधरा | सोमवार, रात्री ९:२५

रात्रीचं. यात विचारायचं काय? दिवसाढवळ्या साडेअकरा तास खुर्चीत बसून करणार काय? तीन सिनेमे बघून डोळे लाल होतात. रात्री चढा, डोळ्यांवर पट्टी बांधा, घोरा. साहेब शहाणे आहेत तुमचे.

---

झोपमोड | सोमवार, रात्री ९:३१

पायलीचे_पंधरा यांना +१.

---

खिडकीपाशी | सोमवार, रात्री १०:०२

दिवसाचं. आणि खिडकीची जागा घ्या, मग पुढचं वाचा.

पश्चिमेला दुपारी निघालेल्या विमानात सूर्य मावळायचं नाव घेत नाही. विषुववृत्तावर पृथ्वी ताशी सुमारे १६७० किलोमीटर वेगाने फिरते. जसजसं उत्तरेला जावं तसा हा वेग कमी होतो, ६० अक्षांशावर बरोबर निम्मा, म्हणजे ८३५. प्रवासी विमान साधारण ९०० ने जातं. म्हणजे तितक्या उत्तरेला पश्चिमेकडे तोंड करून उडालात तर सूर्याला तुम्हाला मागे टाकता येत नाही. लॉस एंजेलिस-टोकियो इतकं वर जात नाही, पण अल्यूशियन बेटांच्या दिशेने बराच वळसा असतो. तुमचंच क बघा ना: साडेअकरा तास उडणार आणि घड्याळ फक्त १२ वरून साडेतीनवर येणार.

मागच्या खेपेला माझ्या पुढच्या सीटच्या पाठीवर उन्हाचा एक कवडसा पडला होता, हाताच्या पंज्याएवढा. ट्रे अडकवायची खिट्टी असते ना, तिच्या खाली. जेवण आलं, गेलं, माझी एक डुलकी झाली, शेजारचे गृहस्थ दोनदा उठून आले. कवडसा जेमतेम खिट्टीपर्यंत सरकला होता. मला तरी हे कुठल्याही सिनेमापेक्षा बरं वाटतं.

उजवी बाजू घ्या. सूर्य दक्षिणेला, म्हणजे डावीकडे असतो. उजवीकडून डोळे न दिपता बघता येतं, आणि ढग नसतील तर बेटंही दिसतात.

---

पायलीचे_पंधरा | सोमवार, रात्री १०:०८

कवडसा बघायला तिकीट काढत नाही हो मी.

---

आकडेमोड | सोमवार, रात्री ११:४०

उंबरठा, विमान किती वाजता सुटतं ते जरा बाजूला ठेवा. पलंग ते पलंग मोजा. घरचा पलंग सोडल्यापासून हॉटेलच्या पलंगावर पाठ टेकेपर्यंत किती तास गेले, एवढंच. मी दहा-बारा वर्षं हेच मोजतोय आणि माझा अंदाज अजून चुकलेला नाही.

ऑक्टोबरात लॉस एंजेलिस आणि टोकियोत १६ तासांचा फरक. धरून चाला की सोमवारी सकाळी ७ ला उठलात आणि टोकियोत रात्री ९ ला झोपणार.

क: मंगळवारी रात्री ९ ला टोकियोत आडवे. तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये मंगळवारची पहाटेची ५ वाजलेली असते. सोमवार सकाळी ७ ते मंगळवार पहाटे ५, म्हणजे २२ तास.

ख: बुधवारी रात्री ९ ला आडवे. लॉस एंजेलिसमध्ये बुधवारची पहाटेची ५. सोमवार सकाळी ७ पासून ४६ तास.

बावीस आणि सेहेचाळीस! दिवसाच्या विमानात तुम्ही एक लांबलेला दिवस काढता, कॉलेजात परीक्षेच्या आदल्या रात्री काढायचो तसा. रात्रीच्या विमानात एक अख्खी रात्र खुर्चीला अर्पण करता, आणि ती रात्र संपते तेव्हा समोर पूर्ण दिवस उभा. पहाटे साडेचारला उतरलात की रात्री ९ पर्यंत साडेसोळा तास. शरीराच्या हिशोबाने हा दिवस दुपारी साडेबाराला सुरू होऊन दुसऱ्या पहाटे ५ ला संपतो.

आता हॉटेलची 'वाचलेली' रात्र. साडेचारला उतरलात, सगळे सोपस्कार होऊन सहाला हॉटेलच्या दारात. खोली मिळणार दुपारी तीनला. सहा ते तीन करणार काय? बॅग काउंटरवर ठेवून लॉबीतल्या सोफ्यावर सूट घालून पेंगणारी माणसं बघितली असतील. ती सगळी ख वाली. सहालाच खोली हवी तर आदल्या रात्रीचे पैसे भरा. मग वाचलं काय?

---

उंबरठा | मंगळवार, सकाळी ७:१५

आकडेमोड, दंडवत. हे साहेबांना जसंच्या तसं पाठवतो. पण मग परतीचं काय? तिथेही दिवसाचंच घ्यायचं का?

---

आकडेमोड | मंगळवार, सकाळी ७:५०

परतीला दिवसाचं विमान असं काही नसतंच मुळी. पूर्वेला उडताना रात्र समोरून अंगावर येते. खरंच दिवसा उडायचं म्हणून टोकियोहून सकाळी ९ ला निघालात तर दहा तासांनी लॉस एंजेलिसला पहाटे ३ ला पोचाल. कोण काढणार असं विमान, आणि त्यात बसणार कोण?

राहिली तुमची दोन.

संध्याकाळी ५ चं: त्याच दिवशी सकाळी ११ ला लॉस एंजेलिस. हो, निघायच्या आधी पोचता. शरीराच्या घड्याळात मात्र पहाटेचे ३ वाजलेले असतात आणि बाहेर टळटळीत ऊन. रात्री ९ पर्यंत डोळे उघडे ठेवायचे. पलंग ते पलंग ३० तास.

रात्री १२:०५ चं: आदल्या तारखेच्या संध्याकाळी ६ ला पोचता. पोचून दोन घास खायचे, दहाला झोप. ३१ तास.

म्हणजे तासांत काही फरक नाही. फरक इतकाच की ५ च्या विमानात बसता तेव्हा झोप आलेली नसते आणि उतरता तेव्हा अनावर आलेली असते. १२:०५ च्या विमानात आपल्या नेहमीच्या वेळेलाच डोळे मिटतात आणि उतरल्यावर चार तासच काढायचे असतात. मी परतीला मध्यरात्रीचंच घेतो.

थोडक्यात: जाताना दिवस, येताना मध्यरात्र. लोक नेमकं उलटं करतात.

---

पायलीचे_पंधरा | मंगळवार, सकाळी ८:३०

हिशोब चोख आहे, पण तुम्ही विमानातली झोप शून्य धरलीत. मला कुठेही झोप लागते. मागच्या वेळी सात तास झोपलो.

---

आकडेमोड | मंगळवार, सकाळी ८:४२

मग तुमच्यासाठी हा धागाच नाही. पण शेजारच्याला विचारा एकदा, त्याने किती तास तुमचं घोरणं ऐकलं.

---

गॅलीवाली | मंगळवार, दुपारी १:०५

अठरा वर्षं केबिन क्रू होते, त्यातली निम्मी पॅसिफिकवर. आता घरी असते, तेव्हा पोटातलं सांगायला हरकत नाही.

पहिलं म्हणजे, 'रात्रीच्या विमानात रात्रभर झोप' हा मोठा गैरसमज. साडेबाराला सुटणारं विमान वर जाऊन स्थिरावतं तोवर एक. मग ट्रॉल्या निघतात. शेवटच्या रांगेपर्यंत जेवण पोचून ट्रे उचलेपर्यंत अडीच होतात. उतरायच्या दोन-अडीच तास आधी पुन्हा दिवे, पुन्हा ट्रॉली. बारा तासांतला खरा अंधार साडेसात-आठ तासांचा, त्यात बाळांचं रडणं आणि तुमच्या मांडीवरून स्वच्छतागृहाकडे जाणारे धरा. झोपायचंच असेल तर विमानतळावर जेवून घ्या, बसल्या बसल्या आम्हाला सांगा की उठवू नका, आणि पट्टा पांघरुणाच्या वरून बांधा. पट्ट्याचा दिवा लागला की आम्हाला प्रत्येकाचा पट्टा डोळ्यांनी बघावा लागतो. तो पांघरुणाखाली असेल तर तुम्हाला हलवून विचारावं लागतं. किती जणांच्या झोपेचं वाटोळं केलंय मी असं, मोजदाद नाही.

दुसरं. दिवसाच्या विमानातही आम्ही रात्र करतोच. जेवणं उरकली की दिवे मंद आणि खिडक्या बंद करायची विनंती. बोईंग ७८७ मध्ये तर सरकवायचं झाकणच नाही, काच काळी होते, आणि ती आम्ही आमच्या पॅनेलवरून सगळ्यांची एकदम काळी करू शकतो. लोक चिडतात, "बाहेर दुपार आहे, अंधार कशाला?" पण त्याच विमानात पहाटे तीनला उठून पूर्व किनाऱ्याहून आलेलेही असतात. शिवाय आमचीही पाळी असते. निम्मा क्रू वर बंकमध्ये झोपायला जातो, मग अदलाबदल. बंक म्हणजे छताच्या वरची पोकळी, ताठ बसताही येत नाही. रात्रीच्या फेरीत दुसरी पाळी मिळाली तर पहाटे चारपर्यंत उभं राहून मग त्या खणात शिरायचं. मला दिवसाची फेरी मिळाली की मी देवाचे आभार मानायची.

---

खिडकीपाशी | मंगळवार, दुपारी १:३०

गॅलीताई, माझी काच काळी करणारी ती तुम्हीच का? :)

---

गॅलीवाली | मंगळवार, दुपारी १:३४

मीच असेन. कवडशाचं वाचून जरा वाईट वाटलं.

---

घासाघीस | मंगळवार, दुपारी २:१०

दिवसाच्या विमानात खिडकी उघडी ठेवायचा हक्क खिडकीवाल्याचा की झोपणाऱ्याचा, यावर एकदा होऊन जाऊ द्या.

---

झोपमोड | मंगळवार, दुपारी २:१५

झोपणाऱ्याचा.

---

खिडकीपाशी | मंगळवार, दुपारी २:१६

पट्टी बांधा ना डोळ्यांवर. ती फुकट मिळते, खिडकी निवडायला मी जादा पैसे मोजलेत.

---

दोन_पिशव्या | मंगळवार, दुपारी ३:४५

अडीच वर्षांच्या कार्ट्यासोबत दोन्ही करून झालंय, म्हणून लिहिते.

रात्रीचं घेतलं तेव्हा सगळे म्हणाले होते, मूल झोपेल. झोपलं की! साडेनऊला. विमानतळावर, माझ्या खांद्यावर. पावणेबाराला बोर्डिंग सुरू झालं, घोषणांनी साहेब जागे झाले आणि तीन वाजेपर्यंत ट्रे खाली-वर, खाली-वर. पुढच्या बाईंनी तीनदा मागे वळून बघितलं. चौथ्यांदा वळल्या तेव्हा मी आधीच सॉरी म्हणून टाकलं.

दिवसाच्या विमानात तो एकूण दीड तास झोपला. पण बाकीचा वेळ मी तरी माझ्या वेळेला जागी होते. स्टिकर, चित्रं, गल्लीतून फेऱ्या, आणि अंधार करूनही निम्मी माणसं जागीच, त्यामुळे कोणी खाऊ की गिळू बघत नाही. उतरल्यावर तो संध्याकाळी सातला जो पडला तो पहाटे तीनला उठला, पण ते दोन्हीकडे सारखंच.

माझं मत दिवसाला. मुलाच्या झोपेसाठी नव्हे, माझ्या.

---

वातकुक्कुट | मंगळवार, रात्री ८:२०

या वेळा प्रवाशांच्या झोपेचा विचार करून ठरतात असं कोणाला वाटत असेल तर तो भ्रम काढून टाका. ठरवणारे तिघे: वारा, विमानतळ आणि पुढची जोड-विमानं.

वारा: लॉस एंजेलिस ते टोकियो सुमारे ८८०० किलोमीटर. जाताना साडेअकरा-बारा तास, येताना दहा. फरक जेट स्ट्रीमचा. हिवाळ्यात जपानवरचा हा वरचा वारा जगातल्या सर्वांत जोरदार वाऱ्यांपैकी असतो, कधीकधी ताशी ३७० किलोमीटरच्याही वर. येणारी विमानं त्यावर स्वार होतात, जाणारी त्याला टाळून उत्तरेला सरकतात. (अवांतर: हा वारा १९२०च्या दशकात जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून मोजला होता. जगाला कळावं म्हणून १९२६ मध्ये अहवाल छापला, तोही एस्पेरान्तो या कृत्रिम भाषेत. जगाने ढुंकून पाहिलं नाही.)

विमानतळ: तुमचं ख पहाटे साडेचारला उतरतं, म्हणजे टोकियोच्या दोन विमानतळांपैकी ते हानेदालाच. नारिता रात्री बंद असतं, सकाळी सहानंतर उघडतं. हानेदाची गंमत अशी की ऑक्टोबर २०१० मध्ये तिथे अमेरिकेची नियमित विमानं पुन्हा सुरू झाली, पण फक्त रात्री १० ते सकाळी ७ याच वेळात. म्हणून तेव्हा सगळी विमानं अडनिड्या वेळेला. दिवसाच्या वेळा मिळाल्या थेट ऑक्टोबर २०१६ मध्ये. सहा वर्षं लोक पहाटे-मध्यरात्री ये-जा करत होते आणि कित्येकांना वाटायचं की ही आपल्या सोयीसाठी.

जोड-विमानं: दुपारी १२ ला निघणारं विमान सकाळी आतल्या शहरांतून येणाऱ्यांना गोळा करतं. रात्री साडेबाराचं, संध्याकाळी येणाऱ्यांना. तुमच्यासारखा लॉस एंजेलिसातच राहणारा माणूस या हिशोबात कुठे बसतच नाही.

---

दक्षिणगोल | बुधवार, पहाटे ४:५५

तुमच्याकडे निदान पर्याय तरी आहेत. आम्हा सिडनीवाल्यांना विचारा.

लॉस एंजेलिसहून सिडनीला येणारी बहुतेक विमानं रात्री दहा-साडेदहाच्या सुमाराला सुटतात. पंधरा तास. दिवसाची का नाहीत? सिडनी विमानतळ रात्री ११ ते सकाळी ६ बंद. त्यासाठी १९९५ चा खास कायदाच आहे, थोडेफार अपवाद सोडले तर उतरता येत नाही. आता डिसेंबरात लॉस एंजेलिसहून दुपारी १२ ला निघालात असं धरा. सिडनीत रात्री १० ला पोचाल. तासभर उशीर झाला की दारं बंद, मग दुसऱ्या शहरात उतरवतील. त्या वेळी पुढच्या गावाला जाणारं विमानही नसतं. मग कोण कशाला जोखीम घेईल?

परतीचं सकाळी सुटतं आणि त्याच तारखेला, निघायच्या वेळेच्याही आधी, लॉस एंजेलिस. एकच सोमवार दोनदा जगायचा, आणि दुसऱ्यांदा झोपेशिवाय.

मात्र ऑकलंडचं विमान म्हणजे सुख आहे. डिसेंबरात ऑकलंड आणि लॉस एंजेलिसमध्ये कागदावर २१ तासांचा फरक. घाबरू नका. चोवीसातून एकवीस वजा करा, तीन. शरीराला फक्त तीन तास कळतात, बाकीचं नुसतं तारखेचं नाटक. ऑकलंडहून संध्याकाळी निघा, जेवा, झोपा, सकाळ झाली की पोचलात. रात्रीचं विमान घ्यावं तर असं. आकडेमोड यांचा नियम इथे बदलतो की नाही?

---

आकडेमोड | बुधवार, सकाळी ७:०५

बदलत नाही, इथे मोजावंच लागत नाही. खरा फरक तीन-चार तासांचा असेल तर रात्रीचं विमान म्हणजे रात्रीच्या बसइतकंच. तेव्हा वाचलेला दिवस खरोखर वाचतो. पण सॅन फ्रान्सिस्को-सिंगापूरसारखं साडेसोळा तासांचं प्रकरण असेल तर पुन्हा तेच: सकाळी १० ला निघालात तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला पोचून थेट पलंग. रात्री ११ ला निघालात तर तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला हजर, डोळ्यांत वाळू.

---

झोपमोड | बुधवार, सकाळी ७:४०

मी सिंगापूरचं रात्रीचंच घेतो आणि मला आवडतं. सोळा तासांत आठ तास झोपून होतात, जेवणं धरूनही. लांब पल्ला असेल तर रात्रीचं, मध्यम असेल तर दिवसाचं, असं माझं.

---

आकडेमोड | बुधवार, सकाळी ७:५५

हा मुद्दा खरा आहे. मानलं.

---

कफवातपित्त | बुधवार, सकाळी ११:३०

मी डॉक्टर आहे, पण तुमची डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आपलं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असतं, दहा-बारा मिनिटांनी. म्हणून दिवस लांबवणं सोपं आणि आखडणं अवघड. पश्चिमेला जाताना शरीर दिवसाला साधारण दीड तास सरकतं, पूर्वेला येताना एक. त्यामुळे टोकियोला पोचल्यावर त्रास कमी आणि परतल्यावर जास्त.

उंबरठा, तुम्ही क घेतलंत तर साडेतीनला उतरून जो काही उजेड उरेल त्यात चाला. ऑक्टोबरात टोकियोत सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, तेव्हा बॅगा टाकून लगेच बाहेर पडा. संध्याकाळचा उजेड तुमचं घड्याळ मागे ढकलतो, म्हणजे झोप उशिरा येते, आणि तुम्हाला तेच हवंय.

परतताना उलटं, आणि इथे भलेभले फसतात. सकाळी ११ ला लॉस एंजेलिसला उतरलात की लोक सांगतात, उन्हात फिर. पण शरीर टोकियोच्या वेळेला रुळलं असेल तर तेव्हा आत पहाटेचे ३ आहेत. शरीराचं तापमान सगळ्यात खाली जातं ते उठायच्या वेळेच्या दोन-तीन तास आधी. त्या आधीचा उजेड घड्याळ मागे ढकलतो, नंतरचा पुढे. तुम्हाला पुढे जायचंय. म्हणून उतरल्यावर एक-दोन तास गॉगल, सावली, आणि ऊन दुपारी एकनंतर. मध्यरात्रीच्या विमानात ही भानगड विमानातच, अंधारात उरकते. आकडेमोड यांना ते सोयीचं वाटतं, त्याचं एक कारण हेही असावं.

मेलाटोनिन (झोपेच्या संप्रेरकाची गोळी): २००२ चा कोक्रेन आढावा आहे, म्हणजे आधीच्या चाचण्या एकत्र तपासणारा. पाच किंवा अधिक कालपट्टे ओलांडल्यावर, पोचल्या गावी झोपायच्या वेळेला घेतलं तर उपयोग होतो, अर्धा ते पाच मिलिग्रॅम. चुकीच्या वेळेला घेतलं तर उलटा परिणाम. रक्त पातळ करायचं वॉरफेरिन चालू असेल किंवा फिट्स येत असतील तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

---

जुनेपुराणे | बुधवार, दुपारी ४:२०

थोडं अवांतर. पॅन ॲम या अमेरिकन विमान कंपनीची 'चायना क्लिपर' ही उडती बोट (पाण्यावरून उडणारं-उतरणारं विमान) २२ नोव्हेंबर १९३५ ला सॅन फ्रान्सिस्को उपसागरातून टपाल घेऊन निघाली. होनोलुलू, मिडवे, वेक, ग्वाम करत २९ ला मनिलाला. प्रवासी नेणं पुढच्या ऑक्टोबरात सुरू झालं. पहिला होनोलुलूपर्यंतचा टप्पा रात्रभराचा, पण त्यापुढे दिवसा उडायचं आणि रात्री बेटावर उतरून हॉटेलात झोपायचं. मिडवे आणि वेकसारख्या ओसाड बेटांवर कंपनीने त्यासाठी हॉटेलं बांधली होती.

पलंग ते पलंग, रोज!

---

उशिरा_का_होईना | बुधवार, रात्री ९:५०

१२:०५ च्या विमानाबद्दल कोणी मूळ धोका सांगितलाच नाही, म्हणून माझी लाज इथे काढून ठेवतो.

हानेदा ते लॉस एंजेलिस, तारीख १४, वेळ ००:०५. मी १४ तारखेला दिवसभर भटकलो, रात्री जेवलो, दहाला ऐटीत विमानतळावर. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट घेतला, पडद्यावर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा पडद्यावर. दोन्ही हातांनी पासपोर्ट परत देत अगदी हळू आवाजात म्हणाली, "सर, तुमचं विमान काल रात्री गेलं."

१४ तारखेचे ००:०५ म्हणजे १३ च्या रात्री घरून निघायचं. हे मला कळतं. कळत होतं. तरीही.

नवं तिकीट काढलं, १५ चं ००:०५. वाररेषेच्या कृपेने पोचलो १४ च्या संध्याकाळी. घरी विचारलं तेव्हा म्हणालो, तिकिटावर १४ तारीख होती, १४ लाच आलो, कसला उशीर?

---

दोन_पिशव्या | बुधवार, रात्री १०:०१

मेले हसून. :D

---

उंबरठा | शुक्रवार, रात्री ८:३०

सर्वांचे मनापासून आभार. पलंग ते पलंगचा हिशोब साहेबांपुढे ठेवला. ते दोन मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले, "लॉबीतल्या सोफ्यावर मीही झोपलोय." क मंजूर! सोमवार दुपारचं, उजवीकडची खिडकी. खिडकीपाशी, कवडसा दिसला तर कळवतो. गॅलीताई, पट्टा पांघरुणावरून. सेव्ह करून ठेवलंय.

परतीचं मध्यरात्रीचंच घेतलं. शुक्रवारची शेवटची मीटिंग पाचला संपते. हॉटेलवर जाऊन आंघोळ, जेवण, आणि मग शुक्रवारी रात्री १२:०५ चं विमान. शुक्रवारी संध्याकाळी सहाला बंदा घरी!

---

उशिरा_का_होईना | शुक्रवार, रात्री ८:३४

उंबरठा, तिकिटावर वार कोणता छापलाय? शुक्रवार की शनिवार?

---

उंबरठा | शुक्रवार, रात्री ८:३६

शुक्रवार. का?

---

उंबरठा | शुक्रवार, रात्री ८:३७

थांबा. आलोच.